साभार परत : नवलेखकाला द्यावयाच्या सल्ल्याची नीती

१

नव्याने लिहू लागलेली व्यक्ती आपले हस्तलिखित घेऊन एखाद्या जाणत्या लेखकाकडे, संपादकाकडे किंवा प्राध्यापकाकडे जाते तेव्हा तिचा प्रश्न वरकरणी साधा असतो : ‘आता काय करू?’ परंतु या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले असतात. चांगले कसे लिहावे, हा पहिला. लिहिलेले छापून कसे आणावे, हा दुसरा. आणि हे जे लिहिले आहे त्यात काही आहे काय, हा तिसरा. पहिले दोन उघडपणे विचारले जातात. तिसरा बहुधा ओठांवर येत नाही. खरी आच मात्र त्याचीच असते.

सल्ला देणाऱ्याच्या बाजूने नेमके उलटे घडते. तो पहिल्या प्रश्नाला सर्वांना लागू पडतील अशी उत्तरे देतो : भरपूर वाचा, रोज लिहा, अनुभवाशी प्रामाणिक राहा. दुसऱ्या प्रश्नासाठी तो एखादे नाव किंवा पत्ता सुचवितो. तिसऱ्याला तो बगल देतो. ही बगल आपल्याकडे सौजन्य समजली जाते. कोणाचे मन कशाला मोडा, असा त्यामागचा विचार असतो. या सौजन्याची तपासणी करणे आवश्यक आहे, कारण येथील प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. हस्तलिखित देणारा आपल्या आयुष्यातील काही वर्षे समोरच्याच्या हाती ठेवीत असतो आणि पुढील काही वर्षे कशी घालवावी हे त्या उत्तरावर अवलंबून असते. सल्ला देणाऱ्याचे मात्र कोणत्याही उत्तराने काही बिघडत नाही. ज्या व्यवहारात एकाचे सारे पणाला लागलेले असते आणि दुसऱ्याचे काहीच नसते, त्या व्यवहारात नीतीचा प्रश्न अटळपणे उपस्थित होतो.

तो प्रश्न असा : लेखनाविषयी सल्ला देण्याचा अधिकार कोठून येतो? वयातून, कीर्तीतून, पदातून, की अन्य कशातून?

२

हा प्रश्न आधुनिक काळाने निर्माण केलेला नाही. संस्कृत साहित्यविचारात ‘कविशिक्षा’ या नावाने ओळखली जाणारी ग्रंथांची एक स्वतंत्र परंपरा आहे, आणि तिचे प्रयोजनच होतकरू कवीला मार्गदर्शन करणे हे आहे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त (सुमारे इसवी सन ९००) कवीच्या दिनचर्येचा विचार प्रहरवार आलेला आहे. अभ्यासाला वेळ, रचनेला वेळ, गोष्ठीला वेळ, आणि सकाळी रचलेले पुन्हा तपासून पाहण्यालाही वेळ. अर्धवट रचना कोणाला ऐकवू नये, आणि नवी रचना एकट्यादुकट्यासमोर म्हणू नये, असेही तो बजावतो. कारण त्या श्रोत्याने ती आपली म्हणून सांगितली तर साक्षीला कोण उभे राहणार? दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलण्याच्या प्रकारांची त्याने केलेली चिकित्सा तर आजच्या वाङ्मयचौर्याच्या चर्चेलाही मार्गदर्शक ठरावी अशी आहे. लिहिणे आणि लिहिलेले जगात टिकवणे या दोहोंचा विचार त्याने एकाच ग्रंथात केला. व्यवहाराची माहिती देण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

अकराव्या शतकातील क्षेमेंद्र याच्याही पुढे जातो. ‘कविकण्ठाभरणा’त तो शिष्यांचे तीन वर्ग करतो : थोड्या प्रयत्नाने साध्य होणारा, कष्टाने साध्य होणारा आणि असाध्य. पहिल्या दोघांनी काय करावे हे तो तपशिलाने सांगतो. तिसऱ्याला मात्र कोणत्याही शिक्षणाने कवित्व येणार नाही असे तो स्पष्ट म्हणतो, आणि त्यासाठी त्याने दिलेला गाढवाचा दृष्टान्त आजच्या कानांना कठोर वाटतो. हा कठोरपणा समर्थनीय आहे असे नाही. कोणाला ‘असाध्य’ म्हणावयाचे, हे ठरविण्याची सत्ता इतिहासात कोणाच्या हाती होती आणि तिने कोणाची तोंडे बंद केली, हे आज ध्यानात घेतल्याविना क्षेमेंद्र वाचता येणार नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. आजचे सल्लागार जो तिसरा प्रश्न टाळतात त्याला क्षेमेंद्राने ग्रंथात जागा दिली. सर्वांना सर्व साध्य आहे असे खोटे आश्वासन त्याने दिले नाही.

मराठीत रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. मनात येईल ते बळेच जुळवून टाकणारे कवित्व ते धीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्या वळणावर केलेले ते पाठ. ही विभागणी भक्तीच्या चौकटीतली आहे हे खरे. तथापि नवलेखकाच्या हस्तलिखितातील दोन सार्वत्रिक दोष तीत अचूक टिपले गेले आहेत. एक स्वतःवर फार लवकर विश्वास ठेवतो, दुसरा दुसऱ्यांवर फार काळ. सामान्य सल्ला या दोघांना एकच औषध देतो, आणि तेथेच तो फसतो. धीट लिहिणाऱ्याला ‘आतला आवाज ऐका’ असे सांगणे म्हणजे त्याच्या रोगालाच खतपाणी घालणे होय. पाठ लिहिणाऱ्याला ‘आणखी वाचा’ म्हणणे हेही तसेच. कोणते औषध कोणाला, हे हस्तलिखित वाचल्याखेरीज कळत नाही.

३

आधुनिक काळात सल्ल्याचे रूप बदलले. शास्त्राची जागा पत्राने घेतली. या नव्या प्रकाराचा सर्वाधिक प्रसिद्ध नमुना म्हणजे राइनर मारिया रिल्के याने फ्रान्झ क्सावर काप्पुस या तरुणाला लिहिलेली दहा पत्रे. १९०३ ते १९०८ या काळात लिहिली गेलेली ही पत्रे रिल्केच्या मृत्यूनंतर, १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली. काप्पुस हा लष्करी विद्यालयातला विद्यार्थी होता आणि पहिले पत्र लिहिताना खुद्द रिल्केचे वय अवघे सत्तावीस होते. आपल्या कविता चांगल्या आहेत का, असे विचारणे सोडून द्यावे, लिहिल्यावाचून जगता येईल का हे स्वतःला विचारावे, या आशयाचा त्याचा उपदेश जगभर प्रमाण मानला गेला.

या उपदेशाचे मोल नाकारता येत नाही. परंतु त्याचा जो उपयोग पुढे करण्यात आला तो तपासण्याजोगा आहे. ‘उत्तर तुमच्या आतच आहे’ हे वाक्य वाचनाचे श्रम वाचविणाऱ्या प्रत्येक सल्लागाराला सोयीचे ठरले. विसरले गेले ते हे की रिल्केने त्या कविता वाचल्या होत्या. त्यांना अजून स्वतःचे असे रूप आलेले नाही, हा निर्णय त्याने पहिल्याच पत्रात दिला होता, आणि एका कवितेत काही स्वतःचे उमटू पाहत असल्याचेही सांगितले होते. अंतर्मुख होण्याचा सल्ला त्या निर्णयाच्या पाठोपाठ आला. त्याच्या ऐवजी नव्हे.

याच्या शेजारी व्हर्जिनिया वुल्फचे ‘तरुण कवीस पत्र’ (१९३२) ठेवून पाहावे. तिशीपूर्वी काहीही प्रसिद्ध करू नये, असे तिने त्यात कळकळीने बजावले आहे. हा सल्ला तिच्या स्वतःच्या चरित्राशी जुळतो. तिची पहिली कादंबरी १९१५ मध्ये, तिच्या वयाच्या तेहतिसाव्या वर्षी प्रसिद्ध झाली. पण ज्या जॉन लेमन याला उद्देशून हे पत्र होते तो तिच्या व तिच्या पतीच्या होगार्थ प्रेसमध्येच काम करीत होता, आणि त्याचा पहिला कवितासंग्रह त्याच प्रेसने आदल्या वर्षी, १९३१ मध्ये, प्रसिद्ध केला होता. तिची स्वतःची पहिली कादंबरी काढणारी संस्था तिच्या सावत्र भावाची होती. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. दिसते ते इतकेच की ‘थांबा’ असे सांगणाऱ्याच्या हाताशी पुष्कळदा दार असते, आणि ज्याच्या हाताशी दार नाही त्याला थांबण्याचा अर्थ वेगळा असतो.

शिवाय वयाचा नियम साहित्याच्या इतिहासात टिकत नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये, लेखकाच्या पंचविशीत प्रसिद्ध झाली. उलट अरुण कोलटकर १९५० च्या दशकापासून मराठीत लिहीत होते, पण ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ मध्ये आला, आणि त्यांचे इतर मोठे संग्रह आयुष्याच्या अखेरच्या पर्वात. यांपैकी कोणाचे उदाहरण नवलेखकासमोर ठेवावयाचे? घाई आणि धीर हे दोन्ही गुण असू शकतात आणि दोषही. निर्णय पुन्हा त्या विशिष्ट हस्तलिखिताशीच येऊन थांबतो.

४

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. वाचून निर्णय द्यावा हे ठीक. पण निर्णय चुकला तर? एका नकाराने एखादी प्रतिभा कायमची मिटली तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? नकार टाळणारे सौजन्य अशा वेळी अधिक सुरक्षित नव्हे काय?

या आक्षेपाच्या समर्थनार्थ मार्सेल प्रूस्तचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्याच्या महाकादंबरीचा पहिला खंड १९१२ मध्ये आंद्रे जीद ज्या मंडळीत प्रमुख होता त्या ‘नूव्हेल रेव्ह्यू फ्राँसेज’ने नाकारला. १९१३ मध्ये तो ग्रासे या प्रकाशकाने काढला, तोही लेखकाच्या खर्चाने. १९१४ च्या आरंभी जीदने प्रूस्तला पत्र लिहून हा नकार आपल्या संस्थेची सर्वांत मोठी चूक असल्याचे कबूल केले. मात्र या कबुलीतील तपशील पाहिला पाहिजे. प्रूस्त हा उच्चभ्रू बैठकांत वावरणारा हौशी माणूस, अशी आपली समजूत होती आणि हस्तलिखित आपण वरवर चाळले, असे जीद सांगतो. याचा अर्थ, चूक निर्णयाची होती असे म्हणण्याआधी ती वाचनाची होती असे म्हणावे लागते. जीदने प्रूस्तचे पुस्तक नाकारले नाही. पुस्तकाच्या जागी त्याने माणसाविषयीची स्वतःची समजूत वाचली आणि ती नाकारली.

म्हणून हे उदाहरण निर्णय टाळण्याच्या बाजूने उभे राहत नाही. न वाचता केलेली स्तुतीही त्याच जातीची आहे. फरक एवढाच की तिच्याबद्दल कोणी क्षमा मागत नाही. वाचून, कारणे देऊन केलेला नकार चुकीचा असला तरी त्या कारणांशी भांडता येते. गुळमुळीत प्रोत्साहनाशी भांडता येत नाही, कारण त्यात धरायला काही नसते. नवलेखकाला ज्याच्याशी भांडता येईल असे काही हाती देणे, हा त्याच्याशी बरोबरीने वागण्याचा मार्ग आहे.

५

मराठीत अशा कारणासहित निर्णयाची एक मोठी परंपरा ‘सत्यकथे’च्या संपादनात दिसते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची लेखकांना जाणारी पत्रे, एखादी कथा पुन्हा पुन्हा लिहून घेण्याचा त्यांचा चिकाटीचा आग्रह, यांविषयी अनेक लेखकांनी कृतज्ञतेने लिहिले आहे. ‘साभार परत’ हे दोन शब्द त्या काळात अनेकांच्या मनाला लागले असतील. पण त्यांच्याबरोबर परत का, हेही पुष्कळदा कळत असे.

याच ‘सत्यकथे’च्या अंकाची १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होळी केली. लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील ही घटना केवळ बंडखोरीचे नाट्य म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यातील सल्लाविषयक प्रश्न मूलभूत होता : काळजीपूर्वक वाचणाऱ्या संपादकाचे डोळे कोणत्या जगात घडलेले आहेत? जो अनुभव त्याच्या जगात नाही आणि जी भाषा त्याच्या कानांना नाही, तिच्यातील घडण आणि विस्कळीतपणा यांत भेद करण्याची पात्रता त्याच्याकडे आहे का? एखाद्या दलित किंवा आदिवासी तरुणाला ‘भाषा जरा सुधारा’ असे सांगितले जाते तेव्हा तो वाङ्मयीन सल्ला असतो की सामाजिक आज्ञा?

या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे मिळाली. एक, स्वतःची व्यासपीठे उभारण्याचे. बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्येच आले होते. त्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांनी सुरू केलेल्या ‘अस्मितादर्श’ने लिहित्या हातांची एक पिढी घडविली. दुसरे उत्तर वाचणाऱ्याच्या वृत्तीतले होते, आणि त्याचा नमुना म्हणून नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या प्रस्तावनेकडे पाहावे लागते. हे जग आणि त्यातील अनेक शब्द आपल्या ओळखीचे नाहीत, हे तेंडुलकर त्या प्रस्तावनेत दडवीत नाहीत. ते कवीलाच अर्थ विचारतात, त्याच्याबरोबर त्या वस्तीत जातात. प्रस्थापित लेखक येथे आशीर्वाद देणाऱ्याच्या आसनावरून उठून विद्यार्थ्याच्या जागी बसलेला दिसतो.

यावरून निर्णयाला एक अट जोडावी लागते. वाचणाऱ्याने आपल्या वाचनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘हे फसले आहे’ आणि ‘हे मला कळले नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्याच्या जागी पहिले करणे हा सल्ल्यातील सर्वांत सहज घडणारा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा अन्याय आहे.

६

राहिला प्रकाशनाचा प्रश्न. गंभीर समीक्षेला हा विषय हलका वाटतो. राजशेखराला तो तसा वाटला नव्हता. किंबहुना येथे, तिसऱ्या प्रश्नाच्या उलट, निश्चित उत्तरे देता येतात. आणि देता येत असताना ती न देणे हा निष्काळजीपणा ठरतो.

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणे यात मुळात लज्जास्पद काही नाही. प्रूस्तचे उदाहरण वर आलेच आहे. नैतिक दोष उत्पन्न होतो तो लपवाछपवीत. पैसे लेखकाचे असताना प्रकाशकाने पुस्तक ‘निवडले’ असा देखावा उभा करणे, किती प्रती छापल्या हे न सांगणे, छपाई आणि प्रकाशन यांतला फरक नवलेखकापासून दडविणे ही फसवणूक होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या निवडीसाठी व बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणल्यावर ‘आयएसबीएन’ असलेल्या पुस्तकाला जे मोल आले त्यातून या व्यवहाराला बहर आला. वस्तुतः तो क्रमांक पुस्तकाची ओळख पटविण्यासाठी असतो. गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही, आणि भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. ही साधी माहिती ज्याला कोणी दिली नाही तो त्यासाठी पैसे मोजतो.

तसेच कायद्याचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मोबदला, मुदत आणि प्रदेश यांचा उल्लेख असावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. हक्क विकल्यावरही कृतीवर आपले नाव असण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधेल अशी तिची मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार कलम ५७ लेखकाकडेच ठेवते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना राबविलेली आहे. या गोष्टी ज्याच्या घरात पुस्तके आहेत, ज्याचा काका किंवा गुरू लेखक आहे त्याला आपोआप कळतात. ज्याच्या घरातील पहिले पुस्तक तो स्वतःच लिहीत असतो त्याला त्या सांगाव्या लागतात. म्हणून प्रकाशनाच्या व्यवहाराची माहिती उघडपणे देणे ही क्षुल्लक मदत नसून ज्ञानाच्या वाटपातील न्यायाची बाब आहे.

मात्र ही माहिती तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची जागा घेऊ शकत नाही. छापण्याची साधने आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुलभ झालेली आहेत. अशा वेळी छापून कसे आणावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. लिहिलेले मन लावून वाचणारा मात्र पूर्वीइतकाच दुर्मीळ आहे. दार उघडे झाल्यामुळे आत कोणी वाट पाहत आहे असे सिद्ध होत नाही.

७

सल्ला देण्याचा अधिकार कोठून येतो, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. तो वय, कीर्ती किंवा पद यांतून येत नाही. तो समोरचे हस्तलिखित वाचण्यातून येतो, आणि जेवढे वाचले तेवढ्यापुरताच असतो. ज्याला वाचण्यास वेळ नाही त्याने तसे सांगावे. ते उत्तर अपुरे असेल, पण खोटे असणार नाही. ज्याने वाचले आहे त्याने निर्णय द्यावा, त्याची कारणे द्यावीत, आणि आपल्याला काय कळले नाही तेही सांगावे. व्यवहाराची माहिती मात्र कोणालाही, कोणत्याही निर्णयाशी न जोडता द्यावी.

नवलेखकाच्या बाजूनेही याला एक प्रतिकर्तव्य आहे. निर्णय मागणाऱ्याने तो ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. ‘प्रतिक्रिया कळवा’ असे म्हणून प्रत्यक्षात शिफारसपत्राची अपेक्षा करणे हाही त्याच असत्य व्यवहाराचा दुसरा भाग आहे. सल्लागाराचे सौजन्य आणि नवलेखकाची ही अपेक्षा एकमेकांना पोसतात, आणि दोघांच्या मध्ये ते हस्तलिखित न वाचलेलेच राहते.

रिल्के आणि काप्पुस यांच्या पत्रव्यवहारातील एक लहानशी गोष्ट, त्याच्या गाजलेल्या उपदेशाच्या तुलनेने, फारशी आठवली जात नाही. १९०४ च्या मे महिन्यातील पत्रासोबत रिल्केने काप्पुसचेच एक सुनीत स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवून त्याला परत पाठविले. आपली रचना परक्या अक्षरात समोर आली की ती आपली नसल्यासारखी वाचता येते, आणि मगच ती किती आपली आहे हे कळते, असे त्याचे म्हणणे होते. त्या सुनिताची प्रत्येक ओळ उतरवून काढण्याइतका वेळ एका कवीने दुसऱ्यासाठी दिला होता. काप्पुस पुढे मोठा कवी झाला नाही. तो पत्रकारितेकडे आणि लोकप्रिय कादंबऱ्यांकडे वळला. त्यामुळे त्या श्रमांचे मोल कमी होत नाही. ‘साभार परत’ या शब्दांतील आभार एरवी उपचारापुरते असतात. तेथे ते शब्दशः खरे होते.